प्रिबिलोफचे पक्षी: कड्यावरचे आणि गवतातले

पहिला दिवस

अलास्काच्या मुख्य भूमीपासून साधारण 480 किलोमीटर दूर, बेरिंग समुद्रात प्रिबिलोफ बेटं आहेत. सेंट पॉल आणि सेंट जॉर्ज ही दोन वस्तीची. ऑटर, वॉलरस आणि सी लायन रॉक ही तीन अगदी लहान, तिथे माणूस राहत नाही. सगळी ज्वालामुखीतून वर आलेली आहेत. आम्ही निघालो होतो सेंट पॉलला. क्षेत्रफळ शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास, 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 413, आणि झाड एकही नाही.

ताई सिएटलला कित्येक वर्षं राहते. पक्षी बघायला तिने मला शाळेत असतानाच शिकवलं. तिला या बेटावरचा लाल पायांचा किटिवेक बघायचा होता. हा जगात फक्त बेरिंग समुद्राच्या आसपासच्या मोजक्या बेटांवर घरटी करतो. माझा ओढा वेगळ्या पक्ष्यांकडे होता. झाडं नसलेल्या, वर्षातला बराच काळ धुक्यात आणि बर्फात असलेल्या बेटावर चिमणीएवढे पक्षी जगतात कसे, हे मला बघायचं होतं. तेव्हा विमानात आमची वाटणी झाली: समुद्राचे पक्षी ताईचे, जमिनीवरचे माझे.

विमान अँकरेजहून सुटतं. पण सुटलं म्हणजे पोचेल असं नाही. धावपट्टीवर धुकं असेल तर ते तिथवर जाऊन परत फिरतं. आमचं सुटायलाच अर्धा दिवस उशीर झाला. शेवटी संध्याकाळी ढगांच्या खाली आलो तेव्हा काळी वाळू, तिच्यावर फुटणाऱ्या पांढऱ्या लाटा आणि पोपटी गवताच्या बुटक्या टेकड्या दिसल्या. मुक्काम विमानतळाच्याच इमारतीत होता. सामान आत टाकायच्या आधीच दारासमोरच्या खडीवर माझा पहिला पक्षी मिळाला: करड्या डोक्याचा रोझी फिंच. अंग तपकिरी, पोटाकडे आणि पंखावर गुलाबी झाक, डोक्यावर राखाडी पट्टा. अमेरिकेच्या डोंगरांत हाच पक्षी बर्फाच्या कडेला दिसतो, पण तो लहान असतो. प्रिबिलोफचा फिंच अंगाने चांगलाच मोठा आणि रंगाने गडद. हा बेट सोडून जात नाही. कडाक्याच्या हिवाळ्यातही इथेच असतो.

इथला सूर्य जूनमध्ये सकाळी साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि मावळतो मध्यरात्री. बेट खूप पश्चिमेला, पण घड्याळ मात्र अलास्काचं, त्यामुळे असं होतं. म्हणजे रात्रीच्या जेवणानंतरही हातात भरपूर उजेड होता. आम्ही जवळच्या तळ्यावर गेलो. तिथे काळ्या पायांचे किटिवेक थव्याने उतरत होते. चोचीत चिखल आणि ओलं गवत भरायचं, जड उड्डाण करायचं आणि समुद्राकडे निघायचं. हे कुरवांचे नातलग वर्षातले बरेच महिने खुल्या समुद्रावर काढतात, जमिनीला पायही लावत नाहीत. या काही दिवसांत मात्र त्यांना माती हवी असते, कारण कड्यावरच्या वीतभर रुंद पायरीला घरटं चिकटवायचं असतं. ताई दुर्बीण न हलवता बघत उभी होती. गार वाऱ्याने माझे कान दुखायला लागले, पण परत चल म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

दुसरा दिवस

आज कडे. बेटाची बहुतांश जमीन इथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे उनांगन लोकांच्या कंपनीच्या मालकीची आहे आणि परवानगी घेऊनच फिरता येतं. आमच्याबरोबर एक तरुण वाटाडी होती. तिने पहिली सूचना दिली ती कड्याच्या काठाची: काठावर गवत दिसलं तरी त्याच्याखाली दगड असेलच असं नाही, म्हणून शेवटचे काही हात पोटावर झोपून पुढे सरकायचं.

नैऋत्येकडचे हे कडे गाडीरस्त्यापासून थोड्या चालीवर आहेत. आधी वास येतो, मग आवाज येतो, आणि मग एकदम सगळं डोळ्यांसमोर उघडतं. मी खाली बघितलं आणि काही वेळ कोणत्याही एका पक्ष्यावर नजर ठरेना. प्रत्येक कंगोऱ्यावर, प्रत्येक फटीत, खालच्या पाण्यावर आणि मधल्या हवेत पक्षीच पक्षी होते.

थोडा वेळ गेला की त्या गर्दीतली व्यवस्था कळायला लागते. ताईने ती मला वरून खाली समजावून सांगितली. माथ्याजवळच्या गवताळ कोपऱ्यांत फुलमार बसलेले. जाड मानेचे, चोचीवर नळी असलेले, शांत. फार जवळ गेलं तर पोटातलं दुर्गंधी तेल नेमकं अंगावर फेकतात. त्याखाली अरुंद पायऱ्यांवर किटिवेक. रुंद पायऱ्यांवर गिलेमॉट, ज्यांना अलास्कात मर म्हणतात, खांद्याला खांदा लावून उभे. फटींत पफिन आणि पॅराकीट ऑकलेट. आणि अगदी तळाशी, लाटांच्या तुषारांत, लाल चेहऱ्याचे पाणकावळे.

गिलेमॉटांच्या दोन जाती इथे शेजारी शेजारी असतात. एकीच्या चोचीच्या कडेला पांढरी रेघ असते, ती जाड चोचीची. दुसरी साधी. घरटं दोघीही बांधत नाहीत. मादी उघड्या दगडावर एकच अंडं घालते. ते एका टोकाला इतकं निमुळतं असतं की उतारावरही घट्ट टेकून राहतं. प्रत्येक मादीच्या अंड्याचा रंग आणि त्यावरची नक्षी वेगळी. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की उडता येत नसतानाच कड्यावरून खाली झेप घेतं. बाप खाली पाण्यात हाका मारत असतो. तिथून पुढे तोच त्याला घेऊन खुल्या समुद्रात पोहत जातो आणि कित्येक आठवडे वाढवतो. हे सगळं ऑगस्टमध्ये घडतं. आम्ही होतो तेव्हा पायऱ्यांवर नुसते वाकून नमस्कार आणि चोचींची भांडणं चालली होती.

लाल पायांचा किटिवेक ताईला सहज मिळेल असं मला वाटलं होतं. पण बसलेल्या पक्ष्याचे पाय दिसतच नाहीत! तेव्हा ती पायांच्या मागे लागलीच नाही. तिने पाठीचा रंग बघितला, काळ्या पायांच्या भाऊबंदापेक्षा गडद करडा. मग चोच बघितली, आखूड. मग कपाळ, उभं. आणि डोळा, चेहऱ्याच्या मानाने मोठा आणि काळाभोर. "हाच," ती म्हणाली. तेवढ्यात तो उठून उभा राहिला आणि खाली रक्तासारखे लाल पाय दिसले. ताईने दुर्बीण खाली घेतली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. मी काही बोललो नाही.

त्या मोठ्या डोळ्याला कारण आहे. हा पक्षी पुष्कळदा रात्री चरतो. बेरिंग समुद्रात दोन वेगळी जगं शेजारी आहेत. पूर्वेला उथळ खंडीय मंच, म्हणजे खंडाचाच पाण्याखाली गेलेला सपाट भाग, आणि पश्चिमेला हजारो मीटर खोल समुद्र. प्रिबिलोफ बेटं या मंचाच्या कडेजवळ आहेत. कडेवर खालचं पोषक पाणी वर येतं, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यावर सूक्ष्म प्राणी, त्यांवर मासे. पक्ष्यांनी इथेच का गर्दी करावी, याचं उत्तर पाण्याखालच्या त्या कडेत आहे. काळ्या पायांचा किटिवेक बेटाजवळच्या उथळ पाण्यातही चरतो. लाल पायांचा मात्र कडेपलीकडच्या खोल पाण्यावर जातो. तिथले कंदीलमासे अंधार पडला की वर येतात, आणि तेल भरलेल्या त्या माशांवर त्याचं पिल्लू वाढतं. एकच पिल्लू, कारण अंडंही बहुधा एकच.

या जातीची जगातली सर्वांत मोठी वसाहत इथे नाही, दक्षिणेला सत्तरएक किलोमीटरवरच्या सेंट जॉर्जवर आहे. तिथले कडे जवळजवळ 300 मीटर उंच जातात, आणि जगातले बहुसंख्य लाल पायांचे किटिवेक त्या एका बेटावर घरटी करतात. 1970 च्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या दहा-बारा वर्षांत तिथली संख्या निम्म्यावर आली होती, नंतर सावरली. एवढं सगळं एका बेटावर अवलंबून असणं मला धास्ती वाटायला लावणारं आहे.

दुपारी खाली दगडगोट्यांच्या किनाऱ्याकडे गेलो. इथे ऑकलेटांचा सगळ्यात लहान भाऊ राहतो, लीस्ट ऑकलेट. वजन 85 ग्रॅमच्या आसपास, पांढरा डोळा, चोचीच्या मुळाशी विणीच्या दिवसांत उगवणारी छोटी गाठ. पाण्याखाली पंखांनीच पोहतो, तांदळाच्या दाण्याएवढे कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या नात्यातले बारीक जीव, टिपतो आणि गळ्याखालच्या पिशवीत भरून पिल्लासाठी आणतो. दगडांच्या खालून त्यांची बडबड ऐकू येत होती. मग एकदम वीस-पंचवीस वर आले, गोट्यांवर बसले, एकमेकांना ढकललं आणि पुन्हा फटींत गडप झाले. त्यांच्यात दोन तुरेवाले ऑकलेटही होते. कपाळावरून पुढे वळलेला तुरा, नारिंगी चोच. विणीच्या काळात या पक्ष्याच्या मानेच्या पिसांना संत्र्याच्या सालीचा वास येतो, आणि जोडीदार एकमेकांच्या मानेत चोच खुपसून तो हुंगतात. आम्ही त्यांच्यापासून दूर होतो, वास काही आला नाही.

तिसरा दिवस

सकाळी माझी पाळी. खाऱ्या खाजणात ओहोटी होती आणि चिखलावर रॉक सँडपायपर चरत होते. आपल्याकडच्या तुतवारांपैकीच, पण गुबगुबीत, पाठीवर तांबूस, छातीच्या खाली काळा डाग. या जातीचे अनेक प्रकार उत्तर पॅसिफिकच्या दोन्ही काठांवर आहेत. त्यांतला हा सर्वांत मोठा, सर्वांत फिकट प्रकार जगात फक्त प्रिबिलोफ, सेंट मॅथ्यू आणि हॉल या बेटांवर अंडी घालतो. हिवाळ्यात यातले बरेच पक्षी दक्षिणेच्या उबेत न जाता अँकरेजजवळच्या कुक इनलेटच्या गोठलेल्या चिखलावर थांबतात आणि बर्फाच्या तुकड्यांमधून लहान शिंपले वेचून खातात. मला वाटतं इथे येणाऱ्या पक्षीप्रेमींनी सर्वांत जास्त वेळ याच पक्ष्याला द्यायला हवा. बहुतेक जण एक फोटो काढून पुढे जातात.

खाजणावरून वर टुंड्रात शिरलो तर एक नर खर्र्र असा लांब आवाज करत आमच्यावरून उडाला, खाली उतरला आणि एक पंख सरळ आभाळाकडे उभा धरून थांबला. थोडं पुढे दुसरा एकदम पायांतून निघाला. पंख अर्धवट पाडून, पाठ फुगवून, गवतातून सरपटत पळायला लागला. जवळ अंडी आहेत हे त्याने सांगितलंच होतं. वाटाडीने आम्हाला आल्या पावली मागे घेतलं.

नंतर ईशान्य टोकाकडे गेलो. हचिन्सन हिल नावाची एक बुटकी टेकडी तिथे आहे. आशियातून वाऱ्याने भरकटलेले पक्षी समुद्रावरून येताना आधी तिथे टेकतात. मे-जूनमध्ये अमेरिकेतले पक्षीनिरीक्षक सेंट पॉलला येतात ते मुख्यतः यांच्यासाठी. अमेरिकेत बघितलेल्या पक्ष्यांच्या आपल्या यादीत एक नाव वाढवण्यासाठी ते तासन् तास गवत तुडवतात. आम्हाला टेकडीवर एक ब्रॅम्बलिंग मिळाला, नारिंगी छातीचा, दमलेला, दगडाच्या आडोशाला.

पण दिवसाचा पक्षी परतीच्या वाटेवरच्या तळ्यावर होता. गाडीतून उतरतोय तोच "चिफ-इफ-इफ" असा आवाज आला आणि माझ्या अंगावर काटा आला. हा आवाज मी उजनीच्या पाण्यावर, भिगवणला, दर हिवाळ्यात ऐकतो. ठिपकेवाला तुतवार, वुड सँडपायपर! पिवळसर पाय, पाठीवर बारीक पांढरे ठिपके, शेपटी सतत हलती. वाटाडीने वायरलेसवर निरोप दिला आणि पंधरा मिनिटांत दुसऱ्या गटाच्या दोन गाड्या धावत आल्या. आपल्याकडे ज्याच्याकडे कोणी मान वळवून बघत नाही, त्याच्यासाठी तिथे लोक श्वास रोखून उभे होते. हा पक्षी स्कँडिनेव्हियापासून कामचाटकापर्यंत उत्तर युरेशियाभर अंडी घालतो आणि हिवाळ्यात दक्षिणेला पसरतो. पूर्वेकडच्या टोकाला जाणारे काही पश्चिमेच्या वाऱ्यावर स्वार होऊन बेरिंग समुद्र ओलांडतात. एकाच जातीचा पक्षी इंदापूर तालुक्यात आणि इथे, दोन्हीकडे त्याच लकबीने शेपटी हलवताना बघणं, हे माझ्यासाठी या प्रवासातलं सर्वांत मोठं सुख होतं.

"तुझाच निघाला आजचा दिवस," ताई म्हणाली.

चौथा दिवस

पाऊस आडवा येत होता. गावात फिरलो.

सेंट पॉल गाव दक्षिणेच्या अंगाला आहे. रांगेतली रंगीत घरं आणि मधोमध संत पीटर आणि पॉल यांचं 1907 चं ऑर्थोडॉक्स चर्च. रशियन दर्यावर्दी गॅव्रिल प्रिबिलोफ 1786 मध्ये सेंट जॉर्जला पोचला, पुढच्या वर्षी रशियन सेंट पॉलला आले. फर सीलच्या कातड्यांसाठी त्यांनी अल्युशन बेटांवरच्या उनांगन लोकांना जबरदस्तीने इथे आणून बसवलं. 1867 मध्ये अमेरिकेने अलास्का विकत घेतलं तरी धंदा तोच चालू राहिला आणि सीलची कत्तल करणारे हातही तेच राहिले. 1942 मध्ये जपानी सैन्य अल्युशनमध्ये उतरलं तेव्हा सरकारने प्रिबिलोफचे लोक जहाजात घालून आग्नेय अलास्कातल्या फंटर बे इथे, एका जुन्या मासळी कारखान्यात आणि खाणीच्या छावणीत नेऊन ठेवले. रोगराईने तिथे अनेक माणसं गेली. त्याही काळात, 1943 च्या उन्हाळ्यात, पुरुषांना सील मारण्यासाठी परत आणलं गेलं. सगळे घरी आले ते 1944 मध्ये. सरकारची माफी आणि भरपाई आली 1988 मध्ये. चर्चच्या शेजारची दफनभूमी बघताना मला हे सारखं आठवत होतं. पक्ष्यांसाठी इथे येणाऱ्याने हे ठाऊक करूनच यावं असं मला मनापासून वाटतं.

सीलच्या वसाहतींकडे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत परवानगीशिवाय जाता येत नाही. आम्ही ठरवून दिलेल्या आडोशातून बघितलं. नर आधीच आपापली जागा धरून बसले होते. ते दीड-दोन महिने काही न खाता ती राखतात. माद्या जूनच्या मध्यापासून यायला लागतात. जगातल्या उत्तरी फर सीलपैकी निम्म्याच्या आसपास या बेटांवर जन्मतात. 1911 मध्ये अमेरिका, ब्रिटन, जपान आणि रशिया यांनी करार करून खुल्या समुद्रातली शिकार थांबवली तेव्हा ही जात वाचली. सेंट पॉलवरची व्यापारी शिकार 1984 मध्ये संपली. तरीही इथली संख्या आज घटतेच आहे.

संध्याकाळी बंदरावर पाऊस थांबला. तिथे खेकडे पकडायचे पुरुषभर उंचीचे लोखंडी पिंजरे एकावर एक रचून ठेवलेले असतात. त्यांच्या आतून एक गाणं आलं, बारीक, वेगवान, संपतच नाही असं. रेन! अंगठ्याएवढा तपकिरी पक्षी, शेपटी उभी. प्रिबिलोफचा हा रेनही बेटावरच बारा महिने राहतो. पिंजऱ्यातून निघून तो किनाऱ्यावर वाहून आलेल्या समुद्रशेवाळाच्या ढिगात शिरला, तिथल्या माश्या टिपल्या आणि परत आला. मी त्याच्याकडे बघत बसलो आणि विमानात केलेली वाटणी माझ्या मनातून निघून गेली. हा जमिनीवरचा पक्षी पोट भरतोय ते समुद्राने आणून टाकलेल्या शेवाळावर. कड्याखाली गवत एवढं दाट आहे ते समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या खतामुळे, किडे त्या गवतात, फिंच त्या कड्यांच्या फटींत घरटी करतो. सकाळी दिसलेला काळसर खोकडही अंडी आणि पिल्लं मिळतात म्हणूनच इथे तगलाय.

त्याच बंदरावर धक्क्याच्या कडेने पेट्या ठेवलेल्या दिसतात. उंदरांसाठी. सेंट पॉलवर मोठे उंदीर, म्हणजे रॅट, नाहीत, आणि येऊ नयेत म्हणून गावकरी डोळ्यांत तेल घालून राखण करतात. बोटीतून एक जोडी उतरली तरी ऑकलेटांच्या फटी सुरक्षित राहणार नाहीत. 2018 मध्ये एक उंदीर दिसला होता. त्याचा मागोवा घेऊन प्रकरण संपायला दहा महिने लागले. अल्युशनमधल्या एका बेटावर अठराव्या शतकाच्या शेवटी फुटलेल्या जपानी जहाजातून उंदीर उतरले आणि तिथले समुद्रपक्षी जवळजवळ नाहीसे झाले. बेटाचं नावच रॅट आयलंड पडलं. 2008 मध्ये तिथले उंदीर काढून टाकले, पक्षी परतायला लागले, आणि 2012 मध्ये बेटाला त्याचं मूळ उनांगन नाव परत मिळालं, हवादॅक्स. कुत्र्यांनाही सेंट पॉलवर मनाई आहे, सीलसाठी. एवढ्या लहान गावाने हे सगळं सांभाळणं मला फार मोठं वाटतं.

पाचवा दिवस

परत कड्यांवर. ताईला पफिन जवळून हवे होते आणि आज वारा कड्यावर सरळ आपटत होता, त्यामुळे पक्षी वर उचलले जाऊन आमच्या डोळ्यांच्या रेषेत तरंगत होते. शिंगवाला पफिन: पांढरी छाती, पिवळी-लाल चोच, डोळ्यावर मांसल काळं शिंग. झुलपांचा पफिन: सबंध काळा, चेहरा पांढरा आणि दोन्ही बाजूंनी मागे वळलेली पिवळी झुलपं. दुसरा इथे कमी दिसतो. एक पफिन माझ्यापासून चार-पाच हातांवर फटीच्या तोंडाशी उतरला, वळून बघितलं आणि आत गेला.

या झुलपांच्या पफिनबद्दल वाटाडीने जे सांगितलं ते ऐकून आम्ही दोघं गप्प झालो. ऑक्टोबर 2016 पासून पुढच्या हिवाळ्यात सेंट पॉलच्या किनाऱ्यावर मेलेले पक्षी यायला लागले. बेटावरच्या लोकांनी रोज किनारा चालून ते गोळा केले, नोंदले. साडेतीनशेहून अधिक मिळाले, बहुतेक झुलपांचे पफिन, हाडं आणि कातडं उरलेले, उपासमारीने मेलेले. समुद्रात बुडाले ते धरून एकूण मृत्यू तीन हजार ते साडेआठ हजारांच्या दरम्यान असावेत असा अंदाज नंतर शास्त्रज्ञांनी मांडला. त्याआधीच, 2015-16 च्या समुद्री उष्णतेच्या लाटेत, अलास्कातले सुमारे 40 लाख साधे गिलेमॉट मेले होते, तिथल्या एकूण संख्येच्या निम्मे.

याचं मूळ पाण्याच्या तापमानात आहे. बेरिंग समुद्रावर हिवाळ्यात बर्फ नीट धरला तर वसंतात चरबीदार, मोठे कोपेपॉड भरपूर होतात. बर्फ कमी पडला की त्यांच्या जागी लहान, पोषण कमी असलेले येतात. त्याचा फटका ऑकलेटांना, लहान माशांना आणि मग माशांवर जगणाऱ्या सगळ्यांना बसतो. खेकड्यांचंही तेच झालं. गरम वर्षांनंतर स्नो क्रॅब अब्जावधींच्या संख्येने नाहीसे झाले आणि 2022 मध्ये त्यांचा हंगाम इतिहासात पहिल्यांदा बंद ठेवावा लागला. सेंट पॉलच्या गावाचं उत्पन्न मुख्यतः त्या खेकड्यांवर होतं. आम्ही जेवत होतो ते कॅन्टीन मासळी कारखान्याचं होतं, आणि तिथल्या टेबलांवर बरीच जागा रिकामी होती.

परतताना टेकडीवर रेनडियरचा कळप दिसला. 1911 मध्ये इथे 25 रेनडियर आणून सोडले. त्यांना खाणारा प्राणी नाही, आणि त्यांना खायला दगडफूल भरपूर. 1938 पर्यंत ते दोन हजारांवर गेले, दगडफूल संपवलं आणि 1950 मध्ये फक्त 8 उरले. आजचा कळप नंतर पुन्हा आणलेल्यांचा. आणि त्याच्याही कितीतरी आधी, साधारण 5600 वर्षांपूर्वीपर्यंत, या बेटावर केसाळ मॅमथ होते. मुख्य भूमीवरचे संपून हजारो वर्षं झाल्यावरही इथे तगून राहिलेले. समुद्र वाढला, बेट आक्रसलं, गोड्या पाण्याची तळी आटली, आणि ते तहानेने गेले. त्यांची कथा तळ्याच्या गाळातून वाचली गेली.

सहावा दिवस

विमान दुपारी होतं, सकाळ मोकळी. ताईला आणखी एकदा लाल पायांचे किटिवेक बघायचे होते, मला रॉक सँडपायपर. आधी कडे केले, मग खाजण. किटिवेकांची घरटी पाच दिवसांत चांगली वर आली होती. चिखलाचा थर वाळून घट्ट बसला होता. एका लाल पायाच्या जोडीने शेजारच्या काळ्या पायाच्या घरट्यातून गवताची काडी उचलली आणि आपल्यात खोवली. ताईने ती जागा वहीत रेखाटून घेतली. वाटाडी म्हणाली, कड्यांच्या अशाच ठरलेल्या तुकड्यांचे फोटो अलास्का मेरीटाइम अभयारण्याची माणसं वर्षानुवर्षं घेतात आणि पायरी पायरीवर किती पक्षी बसले, किती पिल्लं उडाली ते मोजतात. 1980 मध्ये स्थापन झालेल्या या अभयारण्यात अलास्काच्या किनाऱ्याची हजारो बेटं आणि सुमारे चार कोटी समुद्रपक्षी येतात. सेंट जॉर्जवरची घट कळली ती याच प्रकारच्या मोजणीतून.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडं. कड्यांवरचे पक्षी जूनपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत उत्तम. आशियातून भरकटलेले पक्षी हवे असतील तर मेचा मध्य ते जूनचा पहिला आठवडा, किंवा मग सप्टेंबर. तेव्हा ते कमरेएवढ्या रानसेलरीच्या झुडपांत लपतात, आणि कडे मात्र रिकामे झालेले असतात. जूनमध्ये तापमान दहा अंशांच्या पुढे फारसं जात नाही आणि वारा थांबत नाही, तेव्हा जलरोधक कपडे आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट लागतातच. परतीच्या पुढच्या प्रवासाची तिकिटं लगेचच्या दिवसाची काढू नका, धुकं दोन-तीन दिवस बसू शकतं. बूट, तिपाई आणि पिशव्यांचे कप्पे निघण्याआधी झाडून पुसून घ्या, बाहेरचं बी किंवा जिवाणू बेटावर जाऊ नये म्हणून. दुकान एक आहे, महाग आहे, आणि ताजी भाजी विमानानेच येते.

आमचं विमान वेळेवर आलं. ताई पुढच्या वर्षी सेंट जॉर्जला जायचं म्हणते आहे. तिथे मुक्कामाची सोय फार थोडी आणि विमान त्याहून बेभरवशाचं, तरीही मी हो म्हटलं आहे.